ऐकण्याला दर नाही

माझी भाची नागपुरात रात्रपाळी करते. गडचिरोलीतल्या वडशाची पोरगी. बी.एस्सी. झाली, मेडिकल कोडिंगचा क्लास केला, परीक्षा दिली आणि आता रात्रभर अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचते. डॉक्टरांनी काय तपासलं, काय लिहिलं, ते वाचायचं आणि त्याला आकडा लावायचा. आकडा बरोबर बसला तर तिकडची विमा कंपनी पैसे देते. चुकला तर कागद परत येतो.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी विचारलं, मनाच्या डॉक्टरांचीही बिलं येतात का गं तुझ्याकडे?

"येतात ना मावशी. ९०७९१."

माणसाला पहिल्यांदा समोर बसवून त्याची सगळी हकीकत ऐकायची, कधीपासून त्रास आहे, घरात कोण आहे, झोप कशी आहे, मरणाचे विचार येतात का, हे विचारायचं आणि त्यावरून निदान ठरवायचं. या मानसिक तपासणीचा तो आकडा. सोबत अंगाची तपासणी, औषधं वगैरे डॉक्टरी भाग असला की ९०७९२. २०१३ पासून हे दोन आकडे चालू आहेत. पुढचं समुपदेशन मिनिटांवर मोजतात. अर्ध्या तासाला ९०८३२, पाऊण तासाला ९०८३४, तासाला ९०८३७. बोलणंच अवघड जात असेल, घरचं माणूस मध्ये पडून तपासणी अडवत असेल, तर त्या गुंतागुंतीसाठीही एक जोड-आकडा आहे, ९०७८५.

तिकडचं कौतुक करायला मी हे सांगत नाही. दवाखान्याच्या बिलापायी तिथली घरं कर्जात बुडतात, हे जगजाहीर आहे. पण एक गोष्ट मनातून जाईना. तिकडे ऐकणं हे काम आहे. त्याला नाव आहे, आकडा आहे, दर आहे.

भाचीने तिच्या धंद्यातला पहिला नियमही सांगितला. कागदावर नाही, ते झालंच नाही. डॉक्टर तासभर बोलला असेल, रडणाऱ्या माणसाला सावरलं असेल, पण लिहिलं नाही तर आकडा लावायचा नाही.

तो नियम ऐकला आणि मला चंद्रपुरातल्या सिंदेवाहीकडच्या काकू आठवल्या.

माझ्या आजोळच्या गावच्या त्या. एप्रिलमधल्या एका पहाटे त्या आणि त्यांची धाकटी जाऊ मोह वेचायला रानात गेल्या. मोह पहाटेच वेचावा लागतो, उशीर झाला की ढोरं आणि रानातली जनावरं खाऊन जातात. दोघी पाठमोऱ्या, दहा पावलांच्या अंतरावर, खाली वाकून वेचत होत्या. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनखात्याचे लोकही सांगतात. वाघाने जावेला धरलं. काकू ओरडल्या, हातातली टोपली फेकून मारली, काठी घेऊन मागे धावल्या. गावातून माणसं येईपर्यंत सगळं संपलं होतं.

जावेच्या घरी वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. आपल्या राज्यात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मृत्यू, कायमचं अपंगत्व, गंभीर जखम, किरकोळ जखम, अशी भरपाईची उतरंड आहे. काकूंच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्या फाइलीत त्यांचं नाव एकाच जागी आहे, साक्षीदार म्हणून, अंगठ्याच्या ठशाशेजारी.

त्या पहाटेपासून काकू झोपल्या नाहीत. डोळा लागला की दचकून उठतात. रात्रभर घरात दिवा लागतो. अंधारात परसाकडे एकट्या जात नाहीत, नातीला उठवतात. "पान वाजलं का जीव जाते जी," एवढंच म्हणतात. रोवण्याच्या दिवसांत बांधीत उतरल्या आणि मागच्या बाजूला बांधावर कुत्रं आलं, तर हातातले पऱ्हे टाकून चिखलातून पळत सुटल्या. पोरं हसली. मजुरी बुडाली. दुसऱ्या दिवसापासून कुणी त्यांना रोवण्याला बोलावलं नाही.

मी त्यांना ऑगस्टमध्ये एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तीन तास रांग. टेबलाशी आमच्या वाट्याला आली दोनेक मिनिटं. टेबलाभोवती दहा माणसं उभी, पडदा नाही. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यावर थकवा होता, आमच्यामागे निदान ऐंशी माणसं होती. त्यांनी विचारलं, काय होतं? काकू म्हणाल्या, अंग दुखते, झोप नाही. केसपेपरवर तेच उतरलं: अंगदुखी, झोप नाही, भूक कमी. खाली वेदनेची गोळी, बी कॉम्प्लेक्स, दहा दिवस.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, काकू, वाघाचं का नाही सांगितलं?

"त्यायनं इचारलंच नाई, तं मी काय सांगू?"

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. दोन मिनिटांत वाघ विचारता येत नाही. मानसिक तपासणी नीट करायची तर माणूस कसा बसला आहे, कसा बोलतो, नजर कुठे आहे, मनःस्थिती कशी आहे, विचार कुठे अडकला आहे, भास होतात का, आठवण कशी आहे, आपल्याला आजार आहे हे त्याला कळतं का, हे सगळं बघावं आणि लिहावं लागतं. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारावं लागतं. पाऊण तास, तास सहज जातो. तेवढा वेळ मिळाला असता तर काकूंच्या कागदावर कदाचित एफ ४३.१ आलं असतं. जीवघेणा प्रसंग पाहिल्यानंतर मागे राहणाऱ्या आघाताचा, म्हणजे पीटीएसडीचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजार-यादीतला तो आकडा. डॉक्टरांनी तपासून कदाचित दुसरा लावला असता. आज तिथे कुठलाच नाही.

आकडे हे अमेरिकेचं फॅड नाही. आपला मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम ३ सांगतं की मानसिक आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवर, आणि त्यात आयसीडीचं नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे काकूंच्या भीतीला नाव देण्याची जबाबदारी याच देशाच्या कायद्याने घातली आहे. शेजारीण म्हणते "लागीर", पुजारी म्हणतो "बाहेरचं", घरचे म्हणतात "टेन्शन", दवाखाना म्हणतो "अंगदुखी". चार नावांत खरं एकही नाही.

आता पैशाकडे येते, कारण दवाखान्यात माणूस कशावर वेळ देतो हे शेवटी पैसा ठरवतो.

गडचिरोलीला सरकारी आरोग्य योजना नवी नाही. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. पुढे केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली गेली, आणि आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण सांगतात. या योजनेने आमच्या भागात माणसं वाचवली आहेत. हृदयाचं ऑपरेशन करून आलेला माणूस आमच्या गल्लीत रोज दिसतो.

पण दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे जाऊन विचारा, बाईला भरती करायचं नाही, मनाच्या डॉक्टरांनी फक्त तासभर बसून ऐकायचं आहे, याचं पॅकेज कुठलं? तो भला माणूस संगणकात बघेल आणि मान हलवेल. योजना खाटेपासून सुरू होते. आयुष्मान भारतच्या पॅकेजांत मानसिक आजार आहेत, पण ते भरती झाल्यावर, दिवसाच्या हिशेबाने. विजेच्या झटक्याच्या उपचाराला त्यात वेगळी नोंद आहे. तो उपचार वाईट नाही, योग्य रुग्णाला जीवदान देतो. मग झटक्याला नोंद आहे तर त्याच्या आधीच्या ऐकण्याला का नाही? हा माझा सरळ प्रश्न आहे आणि मुंबईत बसून योजना आखणाऱ्यांनी त्याचं सरळ उत्तर द्यावं.

यावर कुणी म्हणेल, ओपीडी तर फुकटच आहे, १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, मग दर हवा कशाला? हवा, कारण ज्याला दर नाही त्याची मोजदाद नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याला माणूस मिळत नाही. महिन्याच्या अहवालात डोकी मोजतात, मिनिटं मोजत नाहीत. दोन-दोन मिनिटांत ऐंशी रुग्ण उरकणारा डॉक्टर कागदावर कामसू ठरतो आणि तासभर एका बाईचं ऐकणारा कामचुकार. मग ऐकेल कोण?

खासगी विम्याचंही तसंच. कायद्याचं कलम २१(४) म्हणतं, शरीराच्या आजाराला ज्या पायावर विमा देता त्याच पायावर मनाच्या आजारालाही द्या. विमा नियामकाने १६ ऑगस्ट २०१८ ला कंपन्यांना परिपत्रक धाडलं. तरी दिल्लीच्या एका महिलेला भरतीचं बिल मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा सांगावं लागलं, महिनाअखेरपर्यंत सगळ्या पॉलिसींत मानसिक आजार आणा. आले. पण पॉलिसीतल्या भरतीच्या व्याख्येत सलग २४ तास आहेत. काकूंना २४ तासांची खाट नको, एका तासाची खुर्ची हवी आहे.

आता एक आकडा असा सांगते, जो आमच्याकडे न चुकता लागतो. एक्सक्लुजन १२. २०१९ मध्ये विमा नियामकाने कुठल्या गोष्टींना विमा द्यायचा नाही, याची ठरावीक यादी केली, तिच्यातला हा बारावा. दारू, अमली पदार्थ किंवा कुठलंही व्यसन, त्याचा उपचार आणि त्याचे परिणाम. बहुतेक पॉलिसींच्या मागच्या पानावर हा असतो. आणि त्याच देशाच्या २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या वाचा, तिथे दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारातच धरल्या आहेत. कायदा म्हणतो आजार आहे. पॉलिसी म्हणते आहे, पण आमच्याकडे येऊ नका. अमेरिकेत २००८ सालच्या कायद्याने मनाचा आजार आणि व्यसन दोन्हींना एका ओळीत बसवलं. आपण व्यसनाला ओळीबाहेर ठेवलं.

हे कुठे बोलते आहे मी? गडचिरोलीत, जिथे बायांच्या लढ्यातून १९९३ मध्ये दारूबंदी आली. चंद्रपुरात, जिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो नसो, प्यायची सवय जडलेला माणूस दोन्हीकडे आहे. एकदम दारू सुटली की दोन-तीन दिवसांत हात कापतात, भिंतीवर किडे दिसतात, फिट येते. आयसीडीत त्याला एफ १० च्या घरात जागा आहे, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर माणूस दगावतो. सर्च या संस्थेने शोधग्रामात व्यसनमुक्तीचं काम वर्षानुवर्षं केलं, २०१६ पासून मुक्तिपथ या मोहिमेने ते गडचिरोलीच्या बाराही तालुक्यांत नेलं. ही माणसं ज्याला आजार म्हणून हात लावतात, त्याला पॉलिसी कसूर म्हणून लाथाडते. एक्सक्लुजन १२ काढून टाका. कायद्याच्या व्याख्येशी त्याचं उघड भांडण आहे.

आणि भाषा. भाचीने गुंतागुंतीचा तो ९०७८५ सांगितला तेव्हा मला भामरागडकडची एक सून डोळ्यांपुढे आली. तीही अशाच एका ओपीडीत बसली होती. तिला माडिया येते, मराठी चारच शब्द. डॉक्टरांना माडिया येत नाही. मध्ये दुभाषी म्हणून सासू. डॉक्टरांनी विचारलं, कधी मरून जावं असं वाटतं का? सासूने सुनेला काही विचारलंच नाही. तीच म्हणाली, "नाही जी, काही नाही वाटत तिला." सून खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. लिहायला फक्त सासूचं उत्तर मिळालं. ते बोट कुणी लिहिलं नाही. गोंडी, माडिया, तिकडे सिरोंच्यात तेलुगू, या जिल्ह्यांत मानसिक तपासणी म्हणजे आधी भाषेची तपासणी. तरी दुभाष्याच्या मानधनाला खर्चाचं शीर्ष नाही. जी आशाताई मोटारसायकलच्या मागे बसून बाईला घेऊन येते, दोन तास तिच्याजवळ बसते, तिच्या भाषेत विचारते, तिचे ते दोन तास कुठल्या रकान्यात जातात?

फुकट ओपीडीचंही बिल असतं, ते फक्त कुणी छापत नाही. भामरागड ते गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की वाट बंद. बाईला एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ती एकटी येत नाही, सोबतच्या पुरुषाला पूर्ण. दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी जाते. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, त्या दराने १,२४८ रुपये तिथेच गेले. रात्रीचा मुक्काम, जेवण, चहा, घरी शेळ्या बघणाऱ्या पोराचा शाळेचा दिवस. आणि डॉक्टरांनी "नागपूरला दाखवा" असं लिहिलं तर हा सगळा हिशेब दुप्पट. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. चारांपैकी अख्ख्या विदर्भाला मिळून ते एकच.

कायदा या बाबतीतही बोलला आहे. कलम १८ म्हणतं, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मानसिक उपचार पूर्ण मोफत, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो. आणि ठरलेल्या किमान सेवा सरकारी दवाखान्यात नसतील, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत झालेल्या खर्चाची भरपाई सरकारने करायची. हे वाचून मी दोन ठिकाणी विचारलं, भरपाईचा अर्ज कुठला? कुणाला माहीत नव्हता. एक कारकून म्हणाले, असा कुणी मागितलाच नाही, मॅडम. पुन्हा तोच नियम. कागदावर नाही, ते झालंच नाही.

आणि ऐकायला दरवेळी मोठा डॉक्टरच लागतो असंही नाही. आमच्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्य ओळखायला आणि पहिला आधार द्यायला लावलं, वर समुपदेशक आणि डॉक्टर होतेच. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी शेकडा ४.३ होते, दीड वर्षात ते २७.२ झाले. म्हणजे जमतं. पैसे ऐकण्यावर खर्च केले की माणसं बोलतात.

म्हणून वनखात्याला माझं सांगणं आहे. जो साक्षीदार हल्ला डोळ्यांनी बघतो त्याच्या मानसिक तपासणीची एक ओळ पंचनाम्यात घाला, महिन्याच्या आत, खात्याच्या खर्चाने. आरोग्य खात्यालाही सांगते, फुले योजनेत भरतीशिवायच्या पहिल्या मानसिक तपासणीला दर लावा, तासाचा, आणि दुभाष्याचा दर त्याच पानावर लिहा. हे मागणं मोठं नाही. ताडोबाच्या एका गेटावर सुट्टीच्या दिवशी जिप्सींची जी रांग लागते, तिच्याकडे बघून तर मुळीच मोठं वाटत नाही.

दिवाळीच्या त्या रात्री मी भाचीला काकूंचा केसपेपर दाखवला. मोबाइलच्या उजेडात तिने तो एखाद्या कामाच्या कागदासारखा वाचला, वरून खाली, मग उलटून मागची बाजू. मागची बाजू कोरी होती.

"मावशी, याला काहीच लागत नाही. यात तपासणीच नाही."

येत्या मंगळवारी काकूंना घेऊन मी मनोविकारतज्ज्ञाच्या ओपीडीत जाते आहे. या वेळी मी आधी त्यांच्या ओसरीवर बसले, वही घेऊन, संध्याकाळ होईपर्यंत. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले, त्यांच्याच शब्दांत. मध्ये दोनदा उठून त्यांनी दाराची कडी बघितली. साडेतीन पानं झाली. ती मी केसपेपरला टाचून देणार आहे. पहिलं वाक्य त्यांनीच दोनदा सांगून नीट लिहवून घेतलं: आम्ही दोघी गेलो होतो.